सिगारेट सुटली, पोट सुटलं?

सिगारेट सोडून दोन-तीन महिने झालेल्या माणसाला दोन वाक्यं हमखास ऐकावी लागतात. पहिलं, 'अरे वा, सोडलीस!' दुसरं, लगेच पोटाकडे बघत, 'पण जरा सुटलायस हं!' पहिल्या वाक्याने अंगावर मूठभर मांस चढतं आणि दुसऱ्या वाक्यात तेच मोजून दाखवलं जातं. शेजारी उभा असलेला टपरीवरचा जुना सोबती धूर सोडत निकाल देतो, 'म्हणूनच मी सोडत नाही.'

या 'म्हणूनच'ची जरा झाडाझडती घेऊ या. वजन वाढतं हे खरं. पण किती, का, कुठवर आणि त्यावर इलाज काय, यात गमती पुष्कळ आहेत.

वाढतं तरी किती?

२०१२ साली 'ब्रिटिश मेडिकल जर्नल'मध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्रित ताळेबंद छापून आला. औषध किंवा निकोटिन गमची मदत न घेता सिगारेट सोडणाऱ्यांचं वजन वर्षभरात सरासरी ४.७ किलोंनी वाढलं. पहिल्या महिन्यात १.१ किलो, तीन महिन्यांत २.९ किलो. म्हणजे निम्म्याहून जास्त वाढ पहिल्या तीन महिन्यांतच उरकते आणि पुढे काटा हळू सरकतो.

खरी गंमत सरासरीच्या पोटात आहे. सुमारे १६ टक्के लोकांचं वजन चक्क घटलं, तर १३ टक्क्यांचं दहा किलोंहून जास्त वाढलं. तेव्हा 'सोडली की फुगणारच' हा काही नियम नव्हे. पहिले तीन महिने सांभाळले की बरीचशी लढाई जिंकलीच.

रोजच्या दोन पोळ्या

निकोटिन शरीराला कारण नसताना पळवतं. नाडी जोरात चालते आणि नुसतं बसल्या-बसल्या होणारा कॅलरींचा खर्चही ७ ते १५ टक्क्यांनी वाढतो. पक्क्या सिगारेटबाजाच्या बाबतीत हा जादा खर्च दिवसाला दोनशे कॅलरींच्या घरात जातो, म्हणजे मध्यम आकाराच्या दोन पोळ्या.

सिगारेट बंद, की हा खर्च बंद. ताटात पोळ्या मात्र तेवढ्याच! महिन्याला सहा हजार कॅलरी शिल्लक पडतात आणि एक किलो चरबी म्हणजे साधारण ७,७०० कॅलरी. पहिल्या महिन्यातला किलो कुठून आला, त्याचा हिशोब इथेच लागतो. उत्तरही इथेच आहे: दोन पोळ्या कमी, नाहीतर पाऊण तास झपझप चालणं. किंवा एक पोळी कमी आणि अर्धा तास चालणं, म्हणजे कुणालाच वाईट वाटणार नाही.

भुकेला थाप

दुपारची भाकर लांबली की विडी ओढून किंवा तंबाखूची चिमूट दाढेखाली धरून वेळ मारून नेणं, हे शेतावर, गिरणीत, बांधकामावर पिढ्यान् पिढ्या चालत आलं. 'भूक मरते' हे कष्टकऱ्यांना ठाऊकच होतं. का मरते, ते २०११ साली येल विद्यापीठातल्या संशोधकांनी उंदरांवर दाखवलं. मेंदूतल्या हायपोथॅलॅमस या भागात 'पोट भरलं, आता पुरे' असा निरोप देणाऱ्या पेशी असतात. निकोटिन नेमकं त्यांनाच चेतवतं.

म्हणजे पोट रिकामं असताना मेंदूला 'जेवण झालं' अशी थाप मारली जाते. सिगारेट सुटली की थाप बंद होते आणि खरी भूक समोर येते. ती राक्षसी वाटते खरी, पण आपलीच असते. बऱ्याच दिवसांनी भेटते, एवढंच.

ही भीती कुणी विकली?

'सिगारेटने माणूस बारीक राहतो' हा टपरीवरचा सिद्धान्त मित्राच्या डोक्यातून निघालेला नाही. १९२८ साली अमेरिकेत 'लकी स्ट्राइक' सिगारेटने जाहिरातींचा धडाका लावला: गोड खाण्याऐवजी लकी उचला. रोख होता बायकांवर, कारण निम्मं गिऱ्हाईक अजून हाती लागायचं होतं. मिठाईवाले असे खवळले की शेवटी घोषणेतलं 'गोड' गाळावं लागलं आणि 'त्याऐवजी लकी उचला' एवढंच उरलं. कशाऐवजी, ते तोवर सगळ्यांना पाठ झालं होतं.

१९६८ साली फिलिप मॉरिस कंपनीने खास बायकांसाठी लांबसडक सिगारेट काढली आणि तिच्या नावातच बारीकपणा घातला: 'व्हर्जिनिया स्लिम्स'. थोडक्यात, आपण ज्याला अनुभवाचे बोल समजतो तो शंभर वर्षं जुना जाहिरातीचा मजकूर आहे.

काटा हलका, कंबर जड

सिगारेट ओढणाऱ्यांचं वजन सरासरीने थोडं कमी भरतं, हे मान्य. पण काट्यावरून उतरून कंबरेला टेप लावली की चित्र पालटतं. तेवढ्याच वजनाच्या न ओढणाऱ्या माणसाच्या मानाने त्यांच्या पोटाच्या आत, आतड्यांभोवती चरबी जास्त साठलेली आढळते. मधुमेह आणि हृदयविकाराला आवतण देणारी चरबी हीच. हातपाय काडी आणि पोट मडकं, ही अंगकाठी ऑफिसात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत सगळीकडे दिसते. तिच्यामागे बैठं काम असतं, तसा धूरही असतो.

जीभ कामावर रुजू

सिगारेट सोडल्यावर दोनेक दिवसांतच चव आणि वास सुधारू लागतात. वरणातला हिंग, फोडणीतला कढीपत्ता, कोथिंबिरीच्या काड्यांचा वास असं बरंच काही एकेक करून कामावर हजर होतं. यात धोका आणि सोय दोन्ही आहेत. धोका असा की दिवाळीच्या तोंडावर सोडलीत, तर चकलीचा डबा तुम्हाला पहिल्यांदाच भेटल्यासारखा वाटेल. सोय अशी की जीभ तिखट झाली की तिला कमी मसाला, कमी मीठ, कमी तेल चालतं. आजवर ज्या भाजीला 'चवच नाही' म्हणून नाकं मुरडली, ती एकदा पुन्हा वाढून घ्या. बिचारीचा दोष नसेलही.

दिवसाला शंभर फेऱ्या

एका सिगारेटचे साधारण दहा झुरके. दिवसाला दहा सिगारेटी धरल्या, तर हात शंभर वेळा तोंडाकडे जातो. वर्षाला साडेछत्तीस हजार फेऱ्या! सिगारेट गेली तरी हाताला ते कळत नाही. तो आपला फेरी मारतोच आणि वाटेत जे सापडेल ते उचलतो. सापडतं काय? फरसाण.

म्हणून हाताला काम द्या. वाटाण्याच्या शेंगा सोला, लसूण निवडा, भुईमुगाच्या ओल्या शेंगा उकडून एकेक फोडून खा. सोललेले दाणे वाटीत घेतले, तर दोन मिनिटांत वाटी खाली. शेंगा फोडून खाल्ल्या, तर तेवढ्याच दाण्यांना वीस मिनिटं लागतात आणि तलफ तोवर निघून जाते.

लॉलीपॉपवाले थोर लोक

तोंडात काहीतरी हवंच, ही अडचण मोठ्यामोठ्यांना आली. १९७३ साली सुरू झालेल्या 'कोजॅक' या अमेरिकी मालिकेतला टकलू पोलीस अधिकारी सिगारेट कमी करायची म्हणून लॉलीपॉप चोखू लागला आणि तीच त्याची ओळख झाली. रोनाल्ड रेगन यांनी पाइप सोडताना जेली बीन्स या रंगीत गोळ्यांचा आधार घेतला. पाइप सुटला, गोळ्या सुटेनात. १९८१ साली ते अमेरिकेचे राष्ट्राध्यक्ष झाले, तेव्हा शपथविधीच्या समारंभासाठी तीन टनांहून जास्त जेली बीन्स रवाना झाल्या. झेंड्याचे रंग पुरे व्हावेत म्हणून निळ्या रंगाचा ब्लूबेरी स्वाद मुद्दाम तयार करण्यात आला.

फुटबॉलचा बादशहा योहान क्रायफ पक्का धूरवाला. १९९१ साली हृदयाची शस्त्रक्रिया झाली आणि बार्सिलोनाचा हा प्रशिक्षक मैदानाच्या कडेला सिगारेटच्या जागी 'चुपा चुप्स' चोखत बसलेला दिसू लागला. पुढच्याच वर्षी, १९९२ मध्ये, त्याच्या संघाने युरोपियन कप जिंकला. या लॉलीपॉपचं फुलाच्या आकाराचं बोधचिन्ह साल्वादोर दाली या चित्रकाराने काढलेलं आहे.

मात्र छोट्या लॉलीपॉपमध्येही चाळीस-पन्नास कॅलरी असतात आणि त्या सगळ्या साखरेच्या. दिवसाला एखादा ठीक. सिगारेटीच्या आकड्याशी बरोबरी करायला गेलात, तर क्रायफच्या आधी दाताचा डॉक्टर आठवेल. त्यापेक्षा भाजलेली बडीशेप, लवंग किंवा दालचिनीचा तुकडा बरा. तोंडही गुंतून राहतं आणि खिशालाही परवडतं.

पाणबुडीतून आलेला गम

निकोटिन गमचा जन्म पाण्याखालच्या अडचणीतून झाला. स्वीडनमध्ये पाणबुडीवरच्या खलाशांना आत धूर काढता येत नसे, म्हणून ते तोंडात तंबाखू धरत. हे पाहून १९६०च्या दशकाच्या अखेरीस तिथल्या संशोधकांना कल्पना सुचली: धूर नको, तंबाखूही नको, नुसतं निकोटिन द्यावं. त्यातून पुढे ओव्हे फर्नो यांनी 'निकोरेट' तयार केलं.

गम चालू असेतोवर तो वापरणाऱ्यांचं वजन जरा आवरलेलं राहतं, असं दिसून आलं आहे. हे वाढ टाळणं नव्हे, पुढे ढकलणं आहे. पण सवयी बसवायला तेवढी सवड मिळाली तरी पुष्कळ. एक पथ्य मात्र पाळायचं: गम तोंडात असताना आणि त्याच्या पंधरा मिनिटं आधी चहा, कॉफी, ताक, लिंबू सरबत नको. आंबटामुळे तोंडातून निकोटिन नीट शोषलं जात नाही, मग 'गमने काही होत नाही' अशी तक्रार ठरलेली.

चहा तोच, झटका दुप्पट

ही गोष्ट फार कमी जणांना माहीत असते. सिगारेटच्या धुरातल्या काही द्रव्यांमुळे यकृत कॅफिनचा फडशा नेहमीपेक्षा खूप लवकर पाडतं. धूर थांबला की यकृत सावकाश होतं आणि तेवढ्याच चहा-कॉफीतलं कॅफिन रक्तात जास्त वेळ रेंगाळतं. छातीत धडधड, चिडचिड, रात्री टक्क डोळे. माणूस म्हणतो, 'सिगारेट सोडली म्हणून होतंय.' निम्मं खापर चहावर फुटायला हवं.

म्हणून पहिले काही आठवडे कप निम्म्यावर आणा. यात वजनाचाही फायदा आहे. एका कटिंगमध्ये दोन चमचे साखर धरली, तर सहा कटिंगमध्ये साठ ग्रॅम, म्हणजे २४० कॅलरी. वरच्या दोन पोळ्या आठवतात ना? त्या इथेही सापडल्या. शिवाय टपरीवरच्या फेऱ्या घटल्या की त्या जुन्या सोबत्याशी गाठही कमी पडते, हा तिसरा फायदा.

काही औषधांचंही असंच आहे. दम्यासाठीचं थिओफिलिन किंवा मानसिक आजारावरची काही औषधं नियमित घेणाऱ्यांनी सिगारेट सोडताना डॉक्टरांना सांगावंच, कारण मात्रा बदलावी लागू शकते.

दूध पिऊन सिगारेट? शी!

अमेरिकेतल्या ड्यूक विद्यापीठाने २००७ साली २०९ सिगारेटबाजांना विचारलं, काय खाल्लं की सिगारेट चांगली लागते आणि कशाने बेचव होते? दारू, कॉफी आणि मटण-बिटण या गोष्टी सिगारेटची चव वाढवतात, असं उत्तर आलं. चव घालवणाऱ्यांत दूध-दुभतं, फळं, भाज्या आणि साधं पाणी. म्हणजे घरची वडीलधारी मंडळी जे खा-खा म्हणून मागे लागतात, ते सगळं सिगारेटच्या मुळावर उठलेलं!

बफेलो विद्यापीठातल्या अभ्यासकांनी सुमारे हजार सिगारेटबाजांची चौदा महिन्यांनी पुन्हा गाठ घेतली. सगळ्यात जास्त फळं-भाज्या खाणाऱ्यांमध्ये, सगळ्यात कमी खाणाऱ्यांच्या तुलनेत, निदान महिनाभर तंबाखूपासून लांब राहिलेले तिप्पट निघाले. हे फळांचंच कर्तृत्व की मुळात नेटका राहणारा माणूस फळंही खातो, हा वाद राहू द्या. पेरू खाऊन कुणाचं वाईट झालेलं नाही.

पेरूचा आणखी एक गुण. धुरामुळे शरीरातलं 'क' जीवनसत्त्व भराभर खर्ची पडतं. ओढणाऱ्याला रोज ३५ मिलिग्रॅम जादा लागतं, असा अमेरिकी तज्ज्ञांचा दंडक आहे. शंभर ग्रॅम पेरूत दोनशे मिलिग्रॅमहून जास्त 'क' मिळतं आणि कॅलरी जेमतेम सत्तरच्या आसपास.

तलफ आली? चपला घाला

तलफ कायम टिकत नाही. बहुतेक वेळा पाच-दहा मिनिटांत जोर ओसरतो. इंग्लंडमधल्या एक्झिटर विद्यापीठात दिसून आलं की थोडा वेळ झपाझप चाललं तरी सिगारेटची ओढ कमी होते. तिथेच चॉकलेटच्या भोक्त्यांवरही प्रयोग झाला. कामाला बसण्याआधी पंधरा मिनिटं चालून आलेल्यांनी, न चाललेल्यांच्या मानाने जवळपास निम्मंच चॉकलेट खाल्लं. एका चालण्यात दोन तलफा गार! यासाठी जिम लागत नाही. जेवणानंतर टपरीकडे वळणारे पाय सोसायटीला दोन चकरा मारायला लावायचे, बस.

सकाळची अडचण

'सिगारेटशिवाय पोट साफ होत नाही' हा दावा निव्वळ बहाणा नाही. निकोटिन आतड्यांना चालना देतं. ते थांबलं की पहिले काही आठवडे बद्धकोष्ठ होऊ शकतं आणि जड पोटाला माणूस 'वजन वाढलं' समजतो. उतारा आजीच्या काळचा: कोमट पाणी, मोड आलेली मटकी, ज्वारीची भाकरी, पालेभाजी, सालासकट फळ. चोथा वाढला की पोट हलतं आणि लवकर भरतंही.

पोटातले जीवाणूही या नाटकातलं पात्र आहेत. इस्राएलच्या वाइझमन संस्थेने २०२१ साली 'नेचर'मध्ये उंदरांवरचा प्रयोग छापला. धूर थांबवल्यावर उंदीर जाड झाले, पण प्रतिजैविकं देऊन आतड्यातले जीवाणू हटवले तेव्हा ती वाढ दिसली नाही. यावरून कुणी गोळ्या घेऊ नका! माणसांसाठी याचं औषध अजून दुकानात आलेलं नाही.

सुपारीचा चकवा

महाराष्ट्राचं दुखणं जरा वेगळं आहे. २०१६-१७ च्या राष्ट्रीय सर्वेक्षणात राज्यात विडी-सिगारेट ओढणारे प्रौढ चार टक्क्यांच्या आत होते, तर तंबाखू चघळणारे किंवा मिश्री लावणारे चोवीस टक्के. त्यामुळे इथे सिगारेट सोडलेल्याच्या हातात मित्र प्रेमाने काय ठेवतो? गोड सुपारी, पानमसाला. 'यात तंबाखू नाही रे!' नसेल. पण सुपारी स्वतःच कर्करोग करणारी आहे, हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने दोन दशकांपूर्वीच जाहीर केलं. आगीतून फुफाट्यात जायचं आणि वर साखरही खायची, असला हा सौदा.

श्रावणातला उत्साह

श्रावणात सिगारेट सोडायची आणि त्याच उत्साहात सोमवार-शनिवार धरायचे, हा बेत दिसायला देखणा आहे. पण रिकाम्या पोटी सिगारेटची ओढ वाढते, हे अभ्यासात दिसलेलं आहे. शिवाय उपासाची खिचडी म्हणजे साबुदाण्याचा स्टार्च, शेंगदाण्याचं कूट आणि तूप. ती हलकी नसते, फक्त सात्त्विक असते. दोन आघाड्या एकदम उघडू नयेत. आधी सिगारेट हद्दपार करा, जेवण वेळेवर आणि पोटभर घ्या, कडक डाएटचं पुढच्या तिमाहीत बघू.

डब्यात काय हवं?

ऑफिसच्या बॅगेत एक दोन कप्प्यांचा स्टीलचा डबा ठेवा. एका कप्प्यात मूठभर फुटाणे, सालासकट. तीस ग्रॅम फुटाण्यांत शंभर-एकशेदहा कॅलरी आणि सहा ग्रॅमच्या आसपास प्रथिनं. चावायला वेळ लागतो, आवाज होतो, समाधान होतं. दुसऱ्या कप्प्यात काकडी-गाजराच्या बोटभर लांब कापट्या, वर मीठ न भुरभुरता, म्हणजे पाणी सुटून लिबलिबीत होणार नाहीत. काकडीत ९५ टक्के पाणीच, त्यामुळे डबा संपला तरी काट्याला पत्ता लागत नाही. तुलनेसाठी: एक वडापाव अडीचशे ते तीनशे कॅलरी. वडापाव वर्ज्य नाही. तो आठवड्याचा पाहुणा असावा, रोजचा भाडेकरू नको.

शेवटी जमाखर्च

आता त्या 'म्हणूनच'चा निकाल. २०१८ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या पाहणीचे आकडे आले. सिगारेट सोडून ज्यांचं वजन बरंच वाढलं, त्यांच्यात मधुमेहाचा धोका काही वर्षं वाढलेला दिसला. सोडल्यापासून पाच ते सात वर्षांनी तो सगळ्यात जास्त होता आणि मग उतरत गेला. म्हणून साखर तपासत राहा, हा धडा खरा. पण त्याच पाहणीत दहा किलोंहून जास्त वाढलेल्यांचाही हृदयविकार आणि पक्षाघाताने मरण्याचा धोका, ओढत राहिलेल्यांच्या तुलनेत सुमारे दोन-तृतीयांशाने कमी होता. पँटची कंबर कोपऱ्यावरचा शिंपी वाढवून देतो. फुप्फुसं अल्टर करून देणारा अजून कुठल्याच गल्लीत बसलेला नाही.

एकट्याने जमत नसेल तर राष्ट्रीय मदतवाहिनी आहे: १८००-११-२३५६. सिगारेटच्या पाकिटावरच छापलेली असते, त्यामुळे नंबर शोधावा लागत नाही. फोन फुकट आहे आणि बोलत असेपर्यंत तोंडात काही घालताही येत नाही.